एकतीस खांब

आज सकाळी एकतिसाव्या खांबापर्यंत गेलो. मध्ये एकदाच थांबलो, तेही पोटरीमुळे नाही, रस्त्यात आडव्या पडलेल्या कुत्र्यामुळे.

खांब म्हणजे लाइटीचे. साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरून माहुलीकडे जो रस्ता जातो, त्याच्या डाव्या अंगाला ते आहेत. दोन खांबांत माझी साधारण साठ पावलं पडतात. नातवानं मोबाइलमध्ये पावलं मोजायचं काहीतरी घालून दिलंय, पण ३३ वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला थांबे मोजलेले बरे वाटतात. दोन वर्षांपूर्वी मी सातव्या खांबाशी उभा राहायचो. उजवी पोटरी अशी धरायची की आत कुणीतरी ओला पंचा पिळतंय. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटायची. पुन्हा सात खांब, पुन्हा उभा. बघणाऱ्याला काही वाटू नये म्हणून मी खिशातून मोबाइल काढून उगाच त्यात बघत राहायचो.

'वय झालं' असं मीही म्हणायचो, हीसुद्धा म्हणायची. आमच्याकडे पोटरी धरली की तेल चोळायचं, एवढा एकच इलाज. ही रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळून द्यायची आणि रोज सकाळी सातव्या खांबाशी पोटरी हजर.

खरं दुखणं कळलं ते वारीत.

२०२३ची वारी. सगळी चालणं जमणार नव्हतं, म्हणून माउलींची पालखी लोणंदला आली की तिथून तरडगावपर्यंत एक टप्पा चालायचा, असं ठरवलं. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण होतं. नोकरीत असताना वारीच्या जादा गाड्यांवर ड्युट्या केल्या, पण त्या सगळ्या दारातून माणसं आत कोंबण्यात गेल्या. रिंगण कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. अनवाणी चालायचा काही नवस नव्हता. पुढचे दोघे-तिघे अनवाणी होते, मला माझ्या चपलांची लाज वाटली, काढून पिशवीत टाकल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता. डांबर तापलेलं. अनवाणी माणसं कडेच्या मातीवरून चालत होती आणि मी रस्त्याच्या मधोमध. एक म्हातारी वारकरीण माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुला चटका बसत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "माउलींची कृपा."

कृपा कसली! तळपायाच्या, स्पर्श कळवणाऱ्या नसा कधीच झोपून गेल्या होत्या.

रात्री घरी आलो. दारापासून मोरीपर्यंत शहाबादी फरशीवर ठिपके पडलेले. हिनं लाइट लावून विचारलं, "रक्त कुणाचं?" आणि खरं सांगतो, मीही इकडंतिकडं बघितलं, कुणाचं म्हणून. उजव्या अंगठ्याच्या मागं, जिथं पायाचा सगळा भार पडतो, तिथं मोठा फोड येऊन फुटला होता, कातडं लोंबत होतं आणि मला काही म्हणजे काहीच दुखत नव्हतं. हिनं हळद भरली. आठ दिवस झाले, जखम वाळेना. कडा पांढुरक्या, मधे ओलं. धाकटी लेक बी. फार्म. झालीय, ती माहेरपणाला आली होती. तिनं एकदा पाय बघितला आणि न बोलता रिक्षा बोलावली.

डॉक्टर मॅडम माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी आधी जखमेकडे बघितलंच नाही. मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक दोरा, गळाला बांधतात तसला, तळपायाला टेकवत म्हणाल्या, "काका, लागलं की 'हो' म्हणा." मी वाट बघत बसलो. दोनदा 'हो' म्हणालो. डोळे उघडल्यावर लेकीचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की दहा जागी टेकवून झालं होतं. तो दोरा वाकेपर्यंत बरोबर दहा ग्रॅमचा भार पडतो म्हणे. दहा ग्रॅम! एवढ्या भाराची माझ्या पायाला खबर नव्हती.

मग त्यांनी पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवून नाडी शोधली. डाव्या पायाला सापडली. उजव्याला बराच वेळ शोधत राहिल्या. मग पेनासारखं एक यंत्र आणलं, त्याला जेल लावून घोट्यापाशी धरलं. डाव्या पायातून शूक-शूक असा जोरकस आवाज आला, उजव्यातून नुसतंच फुसफुस, स्टोव्हमधलं रॉकेल संपत आल्यावर येतो तसा. दंडाचं बीपी घेतलं, घोट्याचं घेतलं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं. घोट्याचा आकडा दंडाइतका किंवा थोडा जास्तच असायला हवा, म्हणजे भागाकार १च्या आसपास. ०.९च्या खाली गेला तर पायाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली असं धरतात. माझा उजवा ०.७२. (हा आकडा चांगला आला तरी माझ्यासारख्या डायबेटिसवाल्यानं लगेच निर्धास्त होऊ नये. कधी कधी वाहिनी चुन्यासारखी कडक झालेली असते, पट्ट्यानं दबतच नाही, आणि मग आकडा खोटाच मोठा येतो. अशा वेळी अंगठ्याचं बीपी घेतात.)

म्हणजे एकाच पायाला दोन दुखणी. जखम झालेली कळली नाही ती नसांमुळे आणि भरत नव्हती ती रक्त कमी पोचत होतं म्हणून. आणि पोटरी धरायची तीही त्याचमुळे. चालताना स्नायू जादा रक्त मागायचा, वाहिनीतून ते यायचं नाही, स्नायू ओरडायचा. उभं राहिलं की मागणी कमी, ओरडणं बंद. ही तेल चोळत होती कातडीला, आणि अडलेलं होतं मांडीतल्या धमनीत.

आता माझी लबाडी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डायबेटिस मला २०१२ साली निघाला. गोळी सुरू झाली. दर तीन महिन्यांनी मी उपाशीपोटी साखर तपासायला जायचो. जायच्या आधी दोन दिवस रात्री फक्त ताक आणि अर्धी भाकरी. आकडा यायचा ११०, ११५. तेव्हाचे डॉक्टर शाबासकी द्यायचे आणि मी परत येताना स्टँडवर भजी खायचो. गोळी तर ड्युटी असली की निम्म्या वेळा राहूनच जायची. मुक्कामाची गाडी असली की रात्री दहाला कुठल्या तरी खेड्यात जेवण, पहाटे पाचला गाडी सोडायची, त्यात गोळी कोण बघतो.

मॅडमनी एचबीएवनसी करायला सांगितलं. आकडा आला ९.४. मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी चुकलंय, माझी साखर तर नॉर्मल असते." त्या म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे लाइन चेकिंग असतं ना? चेकिंगवाले पुढच्या फाट्यावर आहेत असं कळल्यावर कंडक्टर काय करतो?"

मी गप्प. पुढच्या फाट्यावर चेकिंग आहे हे समोरून येणारा ड्रायव्हर हात दाखवून सांगायचा, आणि मग गाडीतला एकूण एक माणूस तिकिटाचा व्हायचा. एचबीएवनसी हे न सांगता येणारं चेकिंग. रक्तातल्या तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. तेवढ्या दिवसांत रक्तात जितकी साखर फिरली, त्या मानानं ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते आणि सुटत नाही. दोन दिवस ताक पिऊन ती काही खरवडून निघत नाही. बहुतेकांना हा आकडा सातच्या खाली ठेवायला सांगतात. वय फार असेल, साखर एकदम उतरून चक्कर यायची भीती असेल, तर थोडी सूट देतात.

आणि जी साखर हिमोग्लोबिनला चिकटते ती रक्तवाहिनीच्या भिंतीला सोडेल होय? तिथल्या प्रथिनांनाही ती चिकटते, भिंत ताठ होत जाते.

रक्तवाहिनी म्हणजे नळ, साखर म्हणजे पाण्यातला क्षार आणि तो साचून नळ बारीक होतो, असं माझ्या डोक्यात होतं. बहुतेकांच्या असतं. मॅडमनी ते पुसून टाकलं. नळ मेलेला असतो, रक्तवाहिनी जिवंत असते. तिला आतून पेशींच्या एका थराचं अस्तर असतं. हे अस्तर एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड, आणि त्याच्यामुळं वाहिनी सैल पडते, रुंदावते. हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८चं नोबेल मिळालं. साखर जास्त झाली की अंगातल्या बऱ्याच पेशी आपलं दार लोटून घेतात, साखर मर्यादेबाहेर आत येऊ देत नाहीत. अस्तराच्या पेशींना ते जमत नाही. रक्तात असेल तितकी आत शिरते. हे मला लगेच पटलं. गाडी फुल्ल झाली की कंडक्टर डबल बेल मारतो, गाडी थांब्यावर न थांबता पुढं जाते. ज्याच्या गाडीला बेलच नाही त्यानं काय करावं? माणसं चढतच राहणार. आत चेंगराचेंगरी झाली की पेशी बिघडते, वायू कमी होतो, वाहिनी आवळलेली राहते, भिंतीला सूज येते, त्या सुजलेल्या जागी कोलेस्टेरॉल आत घुसून बसतं. साचणं हे शेवटचं. बिघाड आधीपासून चालू असतो.

बारीक वाहिन्यांचं नुकसान मात्र अगदी एसटीच्या हिशेबानं चालतं. डिझेल कमी पडलं की डेपो मॅनेजर मोठ्या गावाची गाडी रद्द करत नाही, आधी खेड्याची फेरी काढतो. शहरात कुणाला पत्ताही लागत नाही. डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा ही आपल्या अंगातली खेडी.

लेकीनं मग मला एकामागून एक तपासण्यांना हाकलला. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरचं सगळं धुरकट. मग यंत्राला हनुवटी टेकवून फोटो काढला. पडद्यावर माझा डोळा आतून दिसला. नारिंगी गोळा आणि त्यात लाल रेघा. एका ठळक रेघेला दुसरी येऊन मिळालेली, माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते तशी. अंगात एवढी एकच जागा आहे जिथं काहीही न कापता रक्तवाहिनी उघडी बघता येते. मी त्या नद्याच बघत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेनानं दाखवलं, "हे ठिपके बघा." टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पाच-सहा. बारीक वाहिनीची भिंत कमजोर होऊन फुगलेली. नजर माझी चांगली होती, पेपर वाचत होतो. पण वाचता येतंय म्हणजे पडदा ठीक आहे असा हिशेब नसतो. म्हणून वर्षातून एकदा फोटो.

लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही तशीच. ३०च्या आत हवं, माझं ८६. किडनीची चाळण सैल झाल्याची ती पहिली खूण. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम बघतात, ते तेव्हा नॉर्मल होतं. म्हणजे मी त्याच रिपोर्टवर विसंबून बसलो असतो तर आणखी चार-पाच वर्षं खुशीत असतो.

बीपी १५८/९२. हे मात्र मला माहीत होतं. कुणी विचारलं की 'थोडं असतं' असं सांगायचो.

इथं माझी एक तक्रार आहे. अकरा वर्षं मी डायबेटिसचा पेशंट. या अकरा वर्षांत माझ्या साखरेबद्दल शेजारी, व्याही, चहावाला, सगळ्यांनी विचारलं. बीपीचं कुणी विचारलं नाही, पायातले मोजे काढायला कुणी सांगितलं नाही. आमच्यात डायबेटिसला म्हणतातच 'साखर'. "त्यांना साखर आहे." त्या नावानंच घात केलाय. माणूस साखरेचाच आकडा धरून बसतो.

लेकीनं तिच्या अभ्यासातलं सांगितलं ते मला जन्मभर पुरेल. ब्रिटनमध्ये १९७७ला एक मोठा अभ्यास सुरू झाला, नुकताच डायबेटिस निघालेल्या पाच हजारांवर लोकांचा. १९९८ला निकाल आले. साखर नीट सांभाळली त्यांच्या डोळ्या-किडनीचं नुकसान स्पष्ट कमी झालं. पण त्यातच बीपी असलेल्यांचे दोन गट होते. एकाचं बीपी सरासरी १५४/८७, दुसऱ्याचं १४४/८२. फरक बघा, वरचा आकडा दहानं कमी. तेवढ्यानं लकव्याचे झटके ४४ टक्क्यांनी कमी. दुसरा अभ्यास डेन्मार्कचा, माणसं फक्त १६०, सगळ्यांच्या लघवीत माझ्यासारखंच अल्ब्युमिन जाणारं. अर्ध्यांवर साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, चालणं असा सगळीकडून एकदम मारा केला, अर्ध्यांना नेहमीचा उपचार. सात-आठ वर्षांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे विकार जवळजवळ निम्म्यावर आले. २१ वर्षांनी मोजलं तर मारा झालेला गट जवळपास आठ वर्षं जास्त जगलेला. मी हे आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगितलं. एकजण म्हणाला, आठ वर्षं जास्त जगून करायचं काय. त्याला मी चहा पाजला नाही.

कट्ट्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "तू तर काडीपैलवान, तुला कसा डायबेटिस?" त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मोजली तर यडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून बारीक, आतून लठ्ठ. आपली ठेवणच तशी. माझे हातपाय काटकुळे आणि शर्टाचं खालचं बटण मात्र कायम ताणलेलं. भारतात २०२३ला छापून आलेल्या अभ्यासाच्या अंदाजानं १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे, त्यात माझ्यासारखे काडीपैलवान किती असतील कुणास ठाऊक.

बिडी. तिच्याबद्दल लिहायचं टाळत होतो.

गाडी स्टँडला लागली की कंट्रोलरकडे नोंद, मग चहा, मग बिडी. दिवसाला बंडल. मांडीतली माझी धमनी बुजली त्यात साखरेचा जेवढा वाटा, त्याहून बिडीचा जास्त असावा, असं पुण्याच्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जननी तोंडावर सांगितलं. पायाच्या धमन्यांचं तंबाखूच्या धुराशी विशेष वाकडं. ते म्हणाले, "फुगा घालून वाहिनी उघडता येईल, पण आत्ता गरज दिसत नाही, जखमेपुरतं रक्त पोचतंय. बिडी चालू ठेवणार असाल तर मात्र आज उघडून उद्या पुन्हा बुजेल, मग कशाला भेटायचं?" साताऱ्याला परत येताना खंबाटकी घाटात गाडीच्या खिडकीतून बंडल टाकायचा विचार आला. टाकलं नाही, कचरा कशाला करा. घरी येऊन हिच्या हातात दिलं. हिनं ते चुलीत घातलं. नंतर तीन आठवडे मी घरात सगळ्यांवर ओरडत होतो. लवंग तोंडात ठेवायचो. दोनदा चोरून ओढली. तिसऱ्यांदा नातवानं बघितलं, त्यानंतर नाही. दोन वर्षं होत आली.

जखम भरायला सात आठवडे लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग आणि त्या जागेवर भार येऊ नये म्हणून वेगळी कापून घेतलेली जाड सपाट चप्पल. चालायचं नाही. जखम पूर्ण भरल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता चाला. पोटरी धरेपर्यंत चाला, चांगली धरू द्या, मग थांबा. सुटली की पुन्हा. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन दिवस तरी, तीन महिने."

मला वाटलं त्यांनी उलटं सांगितलं. दुखेल ते करायचं नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण याला औषधाइतकीच किंमत आहे. बुजलेली धमनी चालून उघडत नाही, तो गैरसमज नको. येईल तेवढ्या रक्तात काम भागवायला स्नायू शिकतो. शिवाय चालताना रक्ताचा वेग वाढला की अस्तर तो मघाचा वायू जास्त तयार करतं. पहिल्या आठवड्यात सात खांब. तिसऱ्या आठवड्यात नऊ. पाचव्यात पुन्हा सात, तेव्हा रडकुंडीला आलो होतो. तीन महिन्यांनी सोळा. मग मी काही थांबलो नाही. सकाळचं चालणं निराळं आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात शतपावली निराळी. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं बरीच खाली बसते, मी घरच्या मशीनवर मोजून बघितलंय.

गोळ्या आता पाच आहेत. त्यातली बीपीची गोळी किडनीच्या चाळणीवरचा दाबही कमी करते. कोलेस्टेरॉलची रात्री. माझं कोलेस्टेरॉल फार नव्हतं, वाईट कोलेस्टेरॉल ११८. मी म्हणालो, "नॉर्मलच आहे की." मॅडम म्हणाल्या, "ज्याची वाहिनी एकदा बुजलीय त्याचं नॉर्मल वेगळं." ७०च्या खाली आणायचं होतं, आता ६४ आहे. रक्त पातळ राहायची एक गोळी आहे, पण ती माझ्या पायासाठी. आमच्या कट्ट्यावरच्या दोघांनी माझं बघून मेडिकलमधून तीच आणून खायला सुरुवात केली होती, त्यातल्या एकाला पोटातून रक्त गेलं. तर कृपा करून माझं बघून काही घेऊ नका. साखरही मॅडमनी हळूहळू उतरवली. एकदम पाडली तर डोळ्याच्या ठिपक्यांना त्रास होतो म्हणाल्या.

खाण्याचं काय लिहू, सगळ्यांना सगळं माहीत असतं. दोनच गोष्टी. आमच्या सातारा-कराड-कोल्हापूर पट्ट्यात गुळाचा चहा डायबेटिसला चालतो अशी समजूत आहे आणि त्याच्या पाट्या लावून दुकानं चालतात. गूळ साखरच आहे, रंग बदललाय एवढंच. दुसरं मीठ. गोड सोडलं म्हणून मी बदल्यात खर्डा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे वाढवले होते. ते सगळं बीपीत जात होतं. आता खर्डा आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि भाकरी दोनच्या जागी एक, ताटात आधी मेथी किंवा काकडी. ज्वारीची झाली म्हणून भाकरी मोजायची नाही असं नसतं.

रोज रात्री ही माझे पाय बघते. मी वाकून तळवा बघू शकत नाही म्हणून आधी आरसा आणला होता, दाढीचा. पण आरशाला भेग दिसते, वास येत नाही, म्हणते ही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, टाचेला खोबरेल लावते, बेचक्यांत लावत नाही, तिथं ओल राहून चिखल्या होतात. आंघोळीचं पाणी मी कोपरानं बघतो. घरातसुद्धा अनवाणी फिरत नाही. देवळात जायचं तर मोजे घालून, दुपारी तर नाहीच. यंदाच्या वारीत बूट घालून गेलो आणि एक फर्लांगभर चाललो, बाकी लिंबाखाली बसून रिंगण बघितलं.

गेल्या महिन्यात एचबीएवनसी ६.९ आलं. अल्ब्युमिन ४१. बीपी १२८/७८. घोट्याचा भागाकार ०.७६, म्हणजे फारसा हललेला नाही, आणि हलेल असं कुणी सांगितलंही नव्हतं. डोळ्यातले ठिपके वाढलेले नाहीत. मॅडमनी पुन्हा तो गळाचा दोरा काढला. डोळे मिटले. या वेळी मी मन लावून वाट बघितली. दहापैकी दोनच. झोपलेल्या नसा उठत नाहीत. त्या उठणार नाहीत हे धरून बाकीचं सांभाळायचं आहे.

तर परवाची गोष्ट. संध्याकाळी चालून आलो, बूट काढला, उलटा करून झटकला. विंचवाच्या भीतीनं खेड्यात मुक्कामाला असल्यापासूनची सवय, ती हल्ली सुटत चालली होती. बुटातून रुपयाचं नाणं पडलं. नातू खेळताना टाकून गेला असणार, सकाळीच. म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे मिळून साठ खांब मी ते नाणं टाचेखाली घेऊन चाललो होतो. तेहतीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडलेला माणूस मी. पायाखाली सुट्टे होते आणि मला पत्ता नव्हता.

हिनं मोजा काढून टाच बघितली. नाण्याचा गोल ठसा उठला होता, कातडं फुटलं नव्हतं. मग तिनं रुपया उचलून देवळीत ठेवला. मी म्हणालो, आमच्या एसटीत कंडक्टरकडे जास्तीची रोकड सापडली तर तोही गुन्हा धरतात. ही म्हणाली, उद्यापासून बूट घालायच्या आधी झटकायचा, काढल्यावर नाही.